रिसाला, पलटण, तोफखाना : आपल्या गावाचा इतिहास वाचताना

स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा निरोप आला, तेव्हा सोबत विषयही सुचवलेले होते. शाळेच्या आठवणी, आवडते शिक्षक, सहल, स्नेहसंमेलन. या विषयांवर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी वर्गात फारशा कोणाला न आवडणारा विषय निवडला आहे : इतिहास. आपल्या भाषेत ‘सनावळ्यांचा पेपर’.

दहावीनंतर आपल्यापैकी जे विज्ञान शाखेकडे गेले, त्यांचा इतिहासाशी संबंध तिथेच संपला. मीही त्यातलीच. पुढे इंजिनिअरिंग, मग सॉफ्टवेअरची नोकरी. इतिहासाची पुस्तके पुन्हा हातात आली ती परीक्षेची भीती पूर्ण गेल्यावर, निव्वळ आवडीने. सुरुवातीला मीही सगळे वाचतात तेच वाचले : शिवाजी महाराज, पेशवाई, दुसरे महायुद्ध. पण हळूहळू लक्षात आले की या पुस्तकांतून मला सर्वांत जास्त काय मिळत असेल, तर ते हिंगोली. ज्या गल्ल्यांतून आपण दप्तर पाठीला लावून दहा वर्षे गेलो-आलो, त्या गल्ल्यांचा अर्थ मला पुस्तकांनी सांगितला. तो तुमच्यासमोर ठेवावा, म्हणून हा लेख.

नावांपासूनच सुरुवात करू. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही नावे आपण रोज घेत होतो. ऑटोवाल्याला सांगत होतो, पत्त्यात लिहीत होतो. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळाची तुकडी, तोफखाना तर उघडच आहे, पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती आणि सदर बाजार म्हणजे छावणीचा बाजार. पाचही नावे एकत्र ठेवली की एका लष्करी छावणीचा नकाशाच समोर येतो. ही छावणी कोणाची होती? तिला म्हणत ‘हैदराबाद कंटिन्जंट’. फौज निजामाच्या नावाची, तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. बोलारम, औरंगाबाद, अचलपूर यांच्याप्रमाणे हिंगोली हेही तिचे एक मोठे ठाणे होते आणि १९०३ पर्यंत ते इथे होते.

इथपर्यंतची माहिती गावातल्या जुन्या माणसांनाही असते. पुस्तकातून कळते ती पुढची गोष्ट. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना. पगार थकू लागले. मग कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून शिपायांचे पगार देई आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडून ठेवी. वर्षानुवर्षे हा आकडा वाढत गेला. शेवटी डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, मे १८५३ मध्ये तह झाला आणि या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तोच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला. त्यानंतर कंटिन्जंट हे प्रकरणच मिटले, तिच्या तुकड्या हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या आणि हिंगोलीची छावणीही उठली. शिपाई गेले, नावे राहिली.

आता या गोष्टीचा आपल्याशी संबंध पाहा. आपल्या उत्तरेला पैनगंगा आहे. नदीच्या पलीकडे वाशीम, म्हणजे विदर्भ. अलीकडे आपण, म्हणजे मराठवाडा. बोली बरीचशी एक, पिके तीच, सोयरिकी दोन्हीकडे. मग ही रेष एवढी ठळक का? १८५३ नंतर नदीच्या पलीकडे इंग्रजांचा कायदा आणि इंग्रजांची महसूल पद्धत आली, अकोल्यावरून नागपूरकडे जाणारी रेल्वे आली, कचेरीत मराठी चालू राहिली. अलीकडे ‘मोगलाई’ राहिली, कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू झाली, शाळा विरळ राहिल्या. पलीकडच्या आणि अलीकडच्या माणसांची शंभर वर्षे वेगवेगळी गेली. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या ‘अनुशेषा’वर आपण आज चर्चा करतो, तेव्हा त्या चर्चेच्या मुळाशी ज्या फौजेचे थकलेले पगार आहेत, त्या फौजेचे घोडे आपल्या रिसाल्यात बांधलेले होते. हे समजल्यावर रिसाला बाजारातून चालण्यात फरक पडतो. माझ्या बाबतीत तरी पडला.

छावणीच्या काळातली दुसरी एक गोष्ट याहून थरारक आहे. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या नोकरीत होता. त्याने १८३९ मध्ये लंडनमध्ये ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे. टेलर सांगतो की छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि तोच ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड घेऊन एक व्यापारी येणार असल्याचे त्याला ठाऊक होते. त्याने अधिकाऱ्यांकडून रीतसर परवाना काढला, वाटेत त्या व्यापाऱ्याचा आणि त्याच्या माणसांचा खून केला आणि माल परवान्यानिशी छावणीत आणून उघड विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असे टेलर लिहितो. ती खड्ड्यांतली प्रेते उकरून काढली तेव्हा आपण स्वतः तिथे हजर होतो, असेही तो सांगतो. सदर बाजारात खरेदी करून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना काय वाटेल, ते वेगळे सांगायला नको.

पण इथेच इतिहास वाचनाचा दुसरा धडा सुरू होतो. ही माहिती आली कुठून? मुख्यतः माफीच्या साक्षीदारांकडून. फाशी टळावी म्हणून कबुलीजबाब देणारा माणूस किती खरे सांगेल, किती वाढवून सांगेल आणि विचारणाऱ्या साहेबाला काय ऐकायचे आहे ते ओळखून काय सांगेल? ठग ही खरोखर देशभर पसरलेली, एका देवीला मानणारी संघटना होती, की वाटमारी करणाऱ्या वेगवेगळ्या टोळ्यांना इंग्रजांनी एकाच नावाखाली बांधले, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. खून झाले, प्रेते सापडली, हे एक. त्यांचा अर्थ इंग्रजांनी काय लावला, हे दुसरे. दोन्ही वेगळे ठेवून वाचायची सवय एकदा लागली की ती फक्त पुस्तकापुरती राहत नाही. मोबाईलवर आलेला मजकूर वाचतानाही मनात आपोआप प्रश्न येतो : हे सांगतोय कोण, त्याला कसे कळले आणि त्याचा यात काय फायदा?

याचे एक घरचेच उदाहरण देते. हिंगोलीची माहिती म्हणून एक वाक्य तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचले असेल. गावाने दोन मोठी युद्धे पाहिली : १८०३ मध्ये टिपू सुलतान आणि मराठे यांच्यातले आणि १८५७ मध्ये नागपूरकर आणि भोसले यांच्यातले. हे वाक्य इंटरनेटवर ठिकठिकाणी जसेच्या तसे आहे. मुलांच्या प्रकल्पांच्या वहीत उतरते, भाषणांत येते.

आता साधी दोन पुस्तके घेऊन ते तपासू. टिपू सुलतान श्रीरंगपट्टणच्या लढाईत ४ मे १७९९ रोजी मारला गेला. म्हणजे १८०३ मध्ये तो कोणाशीच लढू शकत नव्हता. राहिले १८५७. नागपूरकर आणि भोसले हे दोन पक्ष कसे? नागपूरचे राजे तेच भोसले. शिवाय तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्यच खालसा केले. म्हणजे १८५७ मध्ये नागपूरला ना राजा होता ना त्याची फौज. एका वाक्यातली दोन्ही युद्धे अशी कोसळतात आणि त्यासाठी ना दप्तरखान्यात जावे लागते ना फारसी यावी लागते.

तरी वाचनाची गंमत अशी की खोटे ठरलेले वाक्यही वाया जात नाही. १८०३ या सालाजवळ जरा थांबले की दिसते, त्या वर्षी आपल्या प्रदेशात खरोखर मोठे युद्ध पेटले होते. २३ सप्टेंबरला जालन्याच्या उत्तरेला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावची आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. एका बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, आणि दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. निजाम इंग्रजांच्या बाजूला. मला वाटते, हिंगोलीच्या त्या वाक्यात या खऱ्या युद्धाची एक पुसट सावली असावी आणि नकलेवर नकला होता होता तिच्यात टिपू शिरला असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण तर्क आणि पुरावा यांना वेगळ्या खिशात ठेवायला मला इतिहासाच्या पुस्तकांनीच शिकवले.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे फार ओळखीचे वाटेल. जुन्या प्रणालीत एखादी विचित्र ओळ सापडते. ती कोणी लिहिली, केव्हा आणि कशासाठी, हे नोंदींतून शोधल्याशिवाय आम्ही ती काढत नाही आणि तिच्यावर विश्वासही ठेवत नाही. चार ठिकाणी तीच ओळ उतरवलेली असली म्हणजे ती चार वेळा खरी होत नाही. ती एकाच ठिकाणाहून आलेली असते. आमच्या धंद्यात ही शिस्त पगार घेऊन पाळली जाते. इतिहासकार ती शेकडो वर्षांपूर्वीच्या कागदांवर पाळतात.

ही शिस्त मराठीत ज्यांनी आपल्यासारख्या सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली, ते आपल्याच मातीतले होते. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा, आपल्या कळमनुरी तालुक्यातला. आडनाव वसमतजवळच्या कुरुंद्याचे. पुढे नांदेडला आधी शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात ते शिक्षक, प्राध्यापक आणि प्राचार्य झाले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आतच गेले. ते मराठीचे प्राध्यापक. तरी इतिहासावर ते बोलू लागले की महाराष्ट्र ऐकत असे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना अनेक जण कादंबरीइतक्याच आवडीने वाचतात.

आपण चौथीत ‘शिवछत्रपती’ शिकलो. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्र्याहून सुटका. प्रसंग आपल्याला तोंडपाठ होते. कुरुंदकरांनी त्याच चरित्राला वेगळा प्रश्न विचारला. राजा गेल्यावर काय झाले? १६८० मध्ये महाराज गेले. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले आणि १७०० मध्ये तेही गेले. एवढे झाल्यावर कोणतेही राज्य संपायला हवे. तरी माणसे लढत राहिली आणि १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्येच मेला. सामान्य माणसाला हे राज्य आपले का वाटले, हे समजून घेतल्याशिवाय शिवाजी महाराज समजत नाहीत, अशा अर्थाची त्यांची मांडणी आहे. मी ती वाचली तेव्हा चौथीतले सगळे प्रसंग पुन्हा नव्याने समोर आले. महाराजांबद्दलचा आदर तिळभर कमी झाला नाही. उलट त्याला आता कारणे मिळाली. नुसत्या जयघोषाने जे होत नाही, ते एका चांगल्या प्रश्नाने होते.

श्रद्धा आणि चौकशी एकत्र नांदू शकतात, हे पटायला नर्सीला जाऊन यावे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण नर्सीला मान देतो. जन्मसाल १२७० मानले जाते. काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात. हा वाद वाचला म्हणून नर्सीचे महत्त्व उणावत नाही. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमान गावाने त्यांची आठवण जपली आहे. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाचे नाव थेट पंजाबाशी बांधलेले आहे, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत होते. पुस्तके वाचली तेव्हा त्या ओळीची लांबी कळली.

आता जरा जवळच्या आणि अवघड काळाकडे येते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने निजामाचे राज्य पाहिले. सरकारी शाळेत उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. सभा भरवायची तर सरकारची परवानगी, खाजगी शाळा काढायची तरी परवानगी. त्या काळात मराठी वाचनालय चालवणे हेच एक राजकीय काम होते. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे आहे. स्वामी रामानंद तीर्थ आधी शिक्षक होते आणि मग चळवळीचे नेते. हा योगायोग नव्हता. मराठवाड्यात स्वातंत्र्याचा लढा शाळा आणि वाचनालये यांच्यातून वाढला. वसमतच्या महाविद्यालयाच्या नावात जे बहिर्जी आहेत, ते याच लढ्यात हुतात्मा झालेले वापटीचे बहिर्जी शिंदे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. दरवर्षी आपण त्या दिवशी झेंडावंदनाला उभे राहत होतो. त्यामागची रझाकारांची दहशत घरोघरी सांगितली जाते आणि ती खरी आहे. अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ आणि स्वामीजींच्या आठवणींचे पुस्तक वाचले की घरात ऐकलेल्या तुटक गोष्टींना क्रम येतो.

पण तेवढ्यावर थांबले तर अर्धेच वाचल्यासारखे होते. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादमध्ये शोएबुल्ला खान नावाच्या तरुण संपादकावर रझाकारांनी हल्ला केला आणि त्यात त्याचा जीव गेला. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून तो भारतात विलीन होण्याची बाजू मांडत होता, एवढाच त्याचा गुन्हा. हा माणूस मुसलमान होता आणि उर्दूत लिहीत होता. आपण १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्याचे नाव किती वेळा ऐकले?

आणि पोलीस ॲक्शननंतरचे काही आठवडे. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. तो पुढे कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्या अहवालाचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान. सर्वांत जास्त झळ पोहोचलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. नांदेड म्हणजे आपले शेजारघर. आकड्यावर मतभेद असू शकतात, पण असे काही घडलेच नाही असे म्हणता येत नाही. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना वाचवले आणि त्यासाठी काहींनी स्वतःचा जीवही दिला, असे समितीने लिहून ठेवले आहे. एकाच मागावरच्या ओळखीने धर्माच्या भिंतीवर मात केली.

हा परिच्छेद स्मरणिकेत कशाला, असे कोणाला वाटेल. मी तो मुद्दाम लिहिला. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन्हीकडची नावे होती. आपण एकाच बाकावर बसलो, एकमेकांच्या डब्यातले खाल्ले. आणि दोन्ही घरांत त्या एका वर्षाच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. एका घरात रझाकारांच्या, दुसऱ्या घरात पोलीस ॲक्शननंतरच्या. त्या एकमेकांना आपण कधी सांगितल्या नाहीत, कारण आपल्याकडे त्या सांगण्याची भाषा नव्हती. चांगले इतिहासाचे पुस्तक ती भाषा देते. रझाकारांचा जुलूम सांगताना पुढचे लपवावे लागत नाही आणि पुढचे सांगितल्याने मुक्तिसंग्राम लहान होत नाही. दोन्ही खरे आहे हे ज्याने वाचले आहे, त्याला एखादा भडक मजकूर पाठवून पेटवणे सोपे राहत नाही. आजच्या दिवसांत मला इतिहास वाचनाचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो.

‘जुने उकरून काय मिळते’ असे म्हणणाऱ्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांचे मराठवाड्याचे वर्तमानपत्र काढून पाहावे. २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची एकदम गरज भासली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे-माझे मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने केलेली नोंद आज नातवाच्या प्रवेशाच्या रांगेत उभी राहू शकते, हे आपण सर्वांनी पाहिले. आपल्या आयुष्यातही हे घडले आहेच. आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. आज आपली मुले कागदपत्रांवर जिल्हा हिंगोली लिहितात आणि आपल्या जुन्या दाखल्यांवर परभणी पाहून विचारतात, ‘आई, तू परभणीची का?’ त्यांना उत्तर देताना आपणही इतिहासच सांगत असतो.

शेवटी एक सूचना. बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर बरीच चर्चा चालू आहे. पाण्याचे यंत्र, पंखे, प्रोजेक्टर, सगळे उपयोगाचेच आहे. त्याच्या जोडीला वाचनालयात एक कपाट ‘आपला जिल्हा’ या नावाने द्यावे, असे मला वाटते. त्यात १९६७ चे परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर असावे, कुरुंदकर असावेत, अनंत भालेराव आणि स्वामी रामानंद तीर्थ असावेत, सेतुमाधवराव पगडींनी फारसीतून मराठीत आणलेली मोगल-मराठा काळाची पुस्तके असावीत. नामदेवांची गाथा असावी. टेलरचे ठगांवरचे पुस्तकही असावे, सोबत त्याच्यावर शंका घेणारे एखादे.

आणि त्या कपाटात एक खण कोऱ्या वह्यांसाठी ठेवावा. १९४८ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी, शेजारी, गल्लीत अशी कोणी आजी किंवा आजोबा, नानी किंवा दादा असतील, त्यांनी दिवाळीच्या, ईदच्या सुट्टीत त्यांच्याजवळ दोन तास बसावे. नाव, गाव, तेव्हाचे वय, स्वतः पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. खाली तारीख टाकावी. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही सोबत आणावी. पहिल्या दोन वह्या मी आणीन, कपाटाच्या खर्चातला माझा वाटाही. बाकीचे ग्रुपवर ठरवू.